प्रीसेटची ओळख प्रीसेटच्या फाइलीतच राहू द्या : प्लगिन बनवणाऱ्यांना खुलं पत्र

म्युझिक सॉफ्टवेअरची प्लगिन बनवणाऱ्या सर्व विकासकांना,

सप्रेम नमस्कार.

मी सिंथचे प्रीसेट बनवते. सिंथ म्हणजे आवाज घडवणारं वाद्य, इथे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या प्लगिनच्या रूपातलं; प्रीसेट म्हणजे त्यावर जुळवून सेव्ह केलेला आवाज. तुम्ही घडवलेल्या सिंथपुढे बसायचं, एकेक नॉब फिरवत आवाज शोधायचा, हाती लागला की त्याला नाव द्यायचं, तो कुठे शोभेल ते दोन ओळींत लिहायचं, टॅग लावायचे आणि सेव्ह करायचं, हे माझं रोजचं काम आहे. आवाजाला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अख्खी दुपार जाते. नंतरच्या त्या दोन ओळीही कामाचाच भाग आहेत. ‘मॉड व्हील अर्ध्यावर ठेवून वाजवा’, ‘खालच्या सप्तकात नेऊ नका, फिल्टर कुरकुरतो’ अशा टिपा. त्या नसतील तर हजार आवाजांच्या ढिगातून हवा तो आवाज मलाच सापडत नाही, दुसऱ्याला कुठून सापडणार? हे पत्र त्या ओळींसाठी आहे. ‘सेव्ह’ दाबल्यावर त्या नेमक्या कुठे जाऊन पडतात, त्याबद्दल आहे.

गेल्या वर्षी मी संगणक बदलला. प्रीसेटचं फोल्डर जसंच्या तसं नव्या यंत्रावर आणलं, सिंथ उघडला, आवाज वाजले. सगळे वाजले. पण सिंथच्या ब्राउझरमधले, म्हणजे प्रीसेटच्या यादीतले, टॅग कोरे होते, आवडत्या आवाजांपुढचे तारे गेलेले, टिपांचा चौकोन रिकामा. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण ही खोड एकाच कंपनीची नाही. शोधाशोध केल्यावर कळलं की प्रीसेटच्या फाइलीत फक्त नाव आणि नॉबच्या जागा होत्या. बाकी सगळं एका लपवलेल्या फोल्डरमधल्या एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या वेगळ्याच फाइलीत, होतं. बॅकअपमधून तो डेटाबेस काढला आणि नव्या यंत्रावर नेऊन ठेवला. सिंथने सगळं फोल्डर पुन्हा चाळलं, प्रत्येक फाइलीला नवा क्रमांक दिला आणि जुन्या टिपा त्या नव्या क्रमांकांना चिकटवल्या. हळूहळू उमलत जाणाऱ्या एका मऊ पॅडखाली टीप दिसली : ‘किकबरोबर वाजवताना वरचा भाग कापा.’ ती एका खरखरीत बेसची टीप होती.

मग मी डेटाबेस उघडूनच पाहिला. एका तक्त्यात क्रमांक आणि फाइलीचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरापासून माझ्या जुन्या लॉगिनच्या नावापर्यंत. दुसऱ्या तक्त्यात क्रमांक आणि टीप. म्हणजे त्या सिंथच्या लेखी माझ्या आवाजाची ओळख काय, तर अमक्या यंत्रावर, अमक्या माणसाच्या, अमक्या फोल्डरात पडलेली वस्तू. जागा बदलली की ओळख पुसली.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे : प्रीसेटचं नाव, तो कोणी बनवला, टॅग, टिपा, आणि कोणत्या प्लगिनच्या कोणत्या आवृत्तीत बनवला, हे त्याच्याच फाइलीत लिहा, आणि माणसाला वाचता येईल अशा साध्या मजकुरात लिहा. नॉबच्या जागा तुम्ही हव्या तशा बंदिस्त ठेवा, त्यावर माझा हट्ट नाही.

हे अवघड नाही, कारण ते फार पूर्वी करून झालेलं आहे. यामाहाचा डीएक्स७ हा कीबोर्ड सिंथ आला १९८३मध्ये. त्याची ३२ आवाजांची बँक मिडीच्या, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेच्या, सिस्टम एक्सक्लुझिव्ह संदेशातून बाहेर काढली की ४१०४ बाइट भरते. दर आवाजाला १२८ बाइट, त्यातले शेवटचे दहा नावाचे. दहा अक्षरांत काय मावणार? लोकांनी स्वर गाळून, शब्द तोडून नावं बसवली. पण नाव आवाजाच्या पाठीला बांधलेलं होतं. रचना ठरलेली होती आणि सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून त्या काळातल्या बँका आज डेक्स्डसारख्या मोफत प्लगिनमध्ये नावांसकट उघडतात. मूळ यंत्र ज्यांनी कधी पाहिलंही नाही, ते आज तेच आवाज त्याच नावांनी हाक मारून वाजवतात. चाळीस वर्षं टिकलेल्या या गोष्टीकडे मी फार आदराने पाहते.

आता व्हीएसटी२ या जुन्या प्लगिन मानकाच्या एफएक्सपी या प्रीसेट फाइलीकडे या. तुमच्यातल्या अनेकांनी ती शेकडो वेळा लिहिली असेल, पण वापरणाऱ्याच्या बाजूने एकदा हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे एकेक बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडून पाहा. पहिली चार अक्षरं सी, सी, एन, के. मग आकार. मग पुन्हा चार अक्षरं, ज्यांवरून कळतं की आत नॉबच्या किमतींची सरळ यादी आहे की प्लगिनने स्वतः बांधलेलं बंद गाठोडं. मग आवृत्ती, प्लगिनची चार अक्षरी ओळख, प्लगिनची आवृत्ती, पॅरामीटरची, म्हणजे बदलता येणाऱ्या किमतींची, संख्या आणि नावासाठी २८ बाइट. इथे ५६ बाइट झाले आणि ओळख संपली. कर्त्याला जागा नाही, टॅगला नाही, टिपेला नाही. ज्या काळात ही रचना ठरली, तेव्हा एका प्लगिनला मोजके आवाज असायचे, त्यामुळे कोणाला दोष देण्यात अर्थ नाही.

ते २८ बाइटही सगळ्यांना सारखे पुरत नाहीत. देवनागरीतला प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘ओल्या मातीचा वास’ असं नाव मी एका पॅडला दिलं होतं. ते भरतं ४४ बाइट. शेवटचा एक बाइट नाव संपल्याची खूण असलेल्या शून्यासाठी सोडला तर हातात २७ उरतात, आणि त्यात ‘ओल्या मात’ एवढंच बसून पुढच्या दीर्घ ईकाराचे तीनपैकी दोन बाइट उरतात. नाव कापणाऱ्या कोडला वर्ण कुठे संपतो हे माहीत नसेल, तर ते अर्धवट चिन्ह तसंच फाइलीत जातं आणि यादीत ‘ओल्या मात’पुढे एक चौकोन दिसतो. ज्यांची लिपी रोमन नाही त्यांना हा चौकोन चांगला ओळखीचा आहे. नावाला मर्यादा घालायचीच असेल तर अक्षरांची घाला, आणि कापायचं असेल तर वर्णाच्या सीमेवर कापा.

नॉबच्या जागांबद्दल माझा हट्ट नाही असं वर म्हटलं, पण दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण त्यांची झळ आवाजालाच बसते. सरळ यादीच्या प्रकारात किमती फक्त क्रमाने लिहिलेल्या असतात. कोणती किंमत कोणाची हे फाइलीत कुठेच नसतं. नव्या आवृत्तीत तुम्ही मधेच एक नॉब वाढवला की पुढच्या सगळ्या किमती एकेक घर सरकतात, आणि फिल्टरची किंमत रिव्हर्बच्या घरात जाऊन बसते. दुसरं, बहुतेक किमती शून्य ते एकच्या पट्टीवर लिहिलेल्या असतात. कटऑफचा, म्हणजे फिल्टर जिथून वरचे सूर कापतो त्या हद्दीचा, नॉब २० ते २०,००० हर्ट्झ असा, सप्तकांच्या मापाने चढणारा असेल, तर ०.५ म्हणजे सुमारे ६३२ हर्ट्झ. पुढच्या आवृत्तीत तुम्ही उदार होऊन खालची हद्द १० हर्ट्झवर नेली. फाइलीत अजून ०.५च आहे, पण आता त्याचा अर्थ सुमारे ४४७ हर्ट्झ. कटऑफ बरोबर अर्धं सप्तक खाली आला. फाइल उघडली, चूक दाखवली गेली नाही, फक्त आवाज मंद झाला. वापरणाऱ्याला वाटतं आपले कान थकलेत. पॅरामीटरला कायमचं नाव द्या, किंमत हर्ट्झमध्ये, मिलिसेकंदांत, डेसिबलमध्ये लिहा आणि रचनेचा आवृत्ती क्रमांक सुरुवातीलाच घाला. मग हद्द बदलली तरी आवाज जागचा हलणार नाही.

व्हीएसटी३ २००८मध्ये आलं आणि त्याच्या प्रीसेट फाइलीत ही उणीव भरून काढलेली आहे. सुरुवातीला ४८ बाइटचं शीर्षक, त्यात प्लगिनची ३२ अक्षरांत लिहिलेली ओळख आणि चंकांची, म्हणजे फाइलीतल्या तुकड्यांची, यादी कुठे आहे त्याचा पत्ता. मग वेगवेगळे चंक : एक आवाजाच्या इंजिनचा, एक पडद्यावरच्या भागाचा, आणि एक ‘इन्फो’ नावाचा. या इन्फोमध्ये साधा एक्सएमएल मजकूर असतो. वाद्य कोणतं, शैली कोणती, स्वभाव कसा, हे सगळं तिथे लिहायची सोय आहे. जागा आहे, दार उघडं आहे, आणि तरीही मी माझ्याकडच्या फाइली उघडते तेव्हा कित्येकांत तो चंक एक तर नसतोच किंवा प्लगिनचं नाव लिहून संपतो. प्लगिन बनवणारी कंपनी आपली खरी माहिती आपल्या खासगी डेटाबेसमध्येच ठेवत असते.

उलट, काहींनी हे किती साधेपणाने केलंय ते पाहिलं की समाधान वाटतं. यू-ही या कंपनीच्या सिंथचे प्रीसेट नुसत्या नोटपॅडमध्ये उघडा. वरच्याच भागात मेटा म्हणून एक तुकडा असतो आणि त्यात बँक, कर्ता, वर्णन, वर्ग अशा नोंदी एकाखाली एक लिहिलेल्या. फाइल कोणाला पाठवली तर माझं नाव तिच्यासोबत जातं. व्हायटल या सिंथचा प्रीसेट म्हणजे जेसन पद्धतीचा साधा मजकूर. सर्ज एक्सटी या सिंथची फाइल बाहेरून एफएक्सपीच आहे, तेच ५६ बाइट. पण आतल्या गाठोड्यात एक्सएमएल आहे, त्यात नाव, वर्ग, कर्ता, टिपा आहेत, आणि वापरलेले वेव्हटेबल, म्हणजे आवाजाच्या लहरींचे नमुने, तेही त्याच फाइलीत बांधून दिलेले असतात. जुन्या, तोकड्या रचनेतही मन असेल तर काय करता येतं, याचं मला हे सगळ्यात आवडतं उदाहरण वाटतं. एलव्ही२ या आणखी एका प्लगिन मानकाचे लोक तर प्रीसेट टर्टल पद्धतीच्या मजकुरात लिहितात आणि प्रत्येक किमतीपुढे पोर्टचं, म्हणजे त्या नॉबचं, चिन्हनाम असतं, क्रमांक नसतो.

वेव्हटेबलचा उल्लेख आला म्हणून एक छोटी तक्रार : प्रीसेटमध्ये सॅम्पलचा, म्हणजे वापरलेल्या ध्वनिमुद्रित तुकड्याचा, पूर्ण पत्ता लिहू नका. प्रीसेट जिथे आहे तिथून सापेक्ष पत्ता लिहा, नाहीतर सॅम्पल सोबत बांधा. दुसऱ्याच्या यंत्रावर ‘फाइल सापडली नाही’ हा निरोप पाहून तो माणूस आवाज बनवणाऱ्यालाच दोष देतो.

नावाचाही एक घोळ आहे. प्रीसेटला दोन नावं असतात, फाइलीचं आणि फाइलीच्या आतलं. मी फोल्डरमध्ये फाइलीचं नाव बदललं तर काही सिंथ नवं नाव दाखवतात, काही आतलं जुनंच दाखवत राहतात, आणि काही यादीत एक आणि वरच्या पट्टीत दुसरं दाखवतात. यातलं खरं कोणतं हे तुम्ही ठरवा आणि तुमच्या माहितीपुस्तिकेत एका ओळीत लिहा. दोन्ही पद्धती मला चालतील. ठरवलंच नाही, हे चालत नाही.

कर्त्याच्या नावाबद्दल मला थोडं थांबून बोलायचंय. प्रीसेट बनवणं हा अनेकांचा पोटापाण्याचा धंदा आहे. आम्ही बँका विकतो, तुमच्या फॅक्टरी लायब्ररीसाठी कंत्राटावर आवाज करून देतो. माझा एक आवाज दुसऱ्या कोणाच्या तरी संग्रहात मला सापडला होता. मीच केलेला होता, त्यातल्या एका एलएफओचा, म्हणजे आवाज हेलकावत ठेवणाऱ्या संथ लहरीचा, चमत्कारिक वेग मी विसरणं शक्य नाही. ज्याने संग्रह केला त्या मुलाने चोरी केली नव्हती. मित्राकडून मित्राकडे फिरत आलेली फाइल, आत कोणाचंच नाव नाही; त्याने ती आपल्या नव्या बँकेत घेतली, आणि ‘सेव्ह’ करताना प्लगिनने कर्त्याच्या रकान्यात त्याचं नाव आपोआप भरलं. मी लिहिलं तेव्हा त्याने लगेच दुरुस्ती केली. पण रकाना फाइलीत असता, आणि दुसऱ्याने सेव्ह करताना मूळ कर्ता पुसण्याऐवजी ‘मूळ आवाज अमक्याचा, बदल तमक्याचा’ असं लिहिलं गेलं असतं, तर लिहिण्याची वेळच आली नसती. हे करायला तुम्हाला एक जादा ओळ लागते.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. दहा हजार फाइली एकेक उघडून वाचायच्या तर ब्राउझर रखडेल, म्हणून डेटाबेस लागतो, असं तुम्ही सांगाल. मान्य. डेटाबेस ठेवाच. फक्त तो कधीही पुसून फाइलींवरून पुन्हा बांधता यावा. पुसल्यावर वापरणाऱ्याने लिहिलेलं एक अक्षरही हरवलं, तर ते अक्षर चुकीच्या ठिकाणी ठेवलेलं होतं असं समजा. फाइलीला ओळख हवी असेल तर ती पत्त्यावरून किंवा चाळणीतल्या क्रमांकावरून देऊ नका. सेव्ह करताना एक अनन्य क्रमांक घडवा आणि फाइलीतच लिहा.

फॅक्टरी प्रीसेटच्या फोल्डरात लिहायला परवानगी नसते, मग वापरणाऱ्याने त्याला लावलेला तारा कुठे ठेवायचा, हा प्रश्न खरा आहे. छायाचित्रकारांनी तो कधीच सोडवलाय : कॅमेऱ्याच्या रॉ फाइलीला हात न लावता शेजारी एक्सएमपीची छोटी मजकूर फाइल ठेवायची. आपल्यालाही वापरणाऱ्याच्या फोल्डरात एक साधी मजकूर फाइल पुरेल, ज्यात अनन्य क्रमांक आणि त्यापुढे तारा, टॅग, टीप. ती कॉपी करता येईल, बॅकअपमध्ये येईल, दोन यंत्रांवर जुळवता येईल. आणि गाणी ऐकणाऱ्यांकडे पाहा. एमपी३ फाइलीत गाण्याचं नाव आणि गायकाचं नाव लिहिण्याची आयडी३ पद्धत १९९६मध्ये सुरू झाली. फाइलीच्या शेवटी १२८ बाइट जोडायचे, त्यात नावाला तीस, कलाकाराला तीस, एवढीच ती होती. ऐकणाऱ्याला जे तेव्हा मिळालं, ते गाणं बनवणाऱ्याला अजून नीटसं मिळालेलं नाही, ही गोष्ट मला लागते.

तिसरी अडचण बदलाची. २०१८मध्ये व्हीएसटी बनवणाऱ्या स्टाइनबर्गने व्हीएसटी२चा विकाससंच देणं थांबवलं आणि अनेक सिंथ व्हीएसटी३वर गेले. जुनी ओळख चार अक्षरांची, नवी सोळा बाइटची. जुन्या ओळखीवरून नवी घडवायची रीत उपलब्ध होती. ज्यांनी ती पाळली त्यांचे आवाज आणि जुने प्रोजेक्ट सुखरूप पलीकडे गेले. ज्यांनी पाळली नाही, त्यांच्या वापरणाऱ्यांकडे आज एफएक्सपीची फोल्डरं आहेत जी नवं प्लगिन ओळखतच नाही. अशा फाइलीच्या आत काय आहे हे सांगणारं तिथे चार अक्षरं आणि २८ बाइटांतलं नाव यांपलीकडे काही नाही. कंपनी बंद झाली असेल तर विचारायलाही कोणी नाही. निदान वाचता येईल असा मजकूर असता, तर ‘हा काचेसारखा घंटेचा आवाज होता, सुरुवात तीक्ष्ण, शेपूट लांब’ एवढं वाचून दुसऱ्या सिंथवर तसा आवाज पुन्हा करायला बसता आलं असतं. मी असं केलेलं आहे, एका टिपेवरून.

आणि होस्ट, म्हणजे ज्यात प्लगिन चालतात ते म्युझिक सॉफ्टवेअर, बनवणारे जे हे वाचत असतील त्यांनाही एक विनंती. क्लॅप हे नवं प्लगिन मानक २०२२मध्ये बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी मिळून आणलं. त्यात प्रीसेट शोधण्याची वेगळी सोय आहे : प्लगिन आपले प्रीसेट कुठे आहेत हे सांगतं आणि त्यांची नावं, कर्ते, वर्णनं होस्टच्या हाती देतं, होस्ट आपल्या ब्राउझरमध्ये सगळ्या सिंथचे आवाज एकत्र दाखवू शकतो. ‘मऊ, तंतुवाद्य, हळू सुरुवात’ असं शोधलं की पाच सिंथचे आवाज एका यादीत. दोन्ही बाजूंनी ही सोय भरून काढली तरच ती कामाची. प्लगिनने माहिती दिली आणि होस्टने विचारलंच नाही, किंवा होस्टने विचारलं आणि प्लगिनने फक्त फाइलीचं नाव पुढे केलं, तर आम्ही होतो तिथेच.

टॅगच्या शब्दांवर मात्र मी भांडणार नाही. कोणी ‘उबदार’ म्हणेल, कोणी ‘जाड’. एकच शब्दसूची सगळ्या जगावर लादण्यापेक्षा ज्याला जो शब्द सुचेल तो लिहू द्या. शोधताना आम्ही पाहून घेऊ.

तुमच्या पुढच्या आवृत्तीच्या यादीत जागा असेल तर आधी एकच गोष्ट करा : ‘सगळे टॅग आणि टिपा फाइलींत लिहा’ अशी एक आज्ञा मेनूत द्या. नव्या रचनेची वाट पाहू नका. एफएक्सपी असेल तर शेजारी त्याच नावाची मजकूर फाइल ठेवा, व्हीएसटी३ असेल तर इन्फो चंक भरा.

माझा जुना डेटाबेस मी अजून जपून ठेवलाय. दोन्ही तक्ते जोडून सातशेहून जास्त नोंदींची यादी काढली आहे. ती यादी एका बाजूला आणि सिंथ दुसऱ्या बाजूला उघडून रोज संध्याकाळी वीस-पंचवीस प्रीसेट पुन्हा ऐकते, टीप कोणाची ते ताडून पाहते आणि या वेळी फाइलीच्या शेजारी साध्या मजकुरात लिहून ठेवते. दोनशे सोळा झाले आहेत. तुमच्यापैकी कोणाची ती आज्ञा माझं काम संपायच्या आधी आली, तर चाचणी करायला मी तयार आहे. हजारो फाइली, तीन लिप्यांमधली नावं आणि दोन यंत्रं माझ्याकडे आहेत.

आपली,
तुमच्या सिंथवर आवाज घडवणारी एक